आठ बँड कोणी मोडले?

'लोकांची अभिरुची बदलली' हे तीन शब्द उच्चारले, की संगीताच्या इतिहासातला कोणताही पेच सुटतो, असा आपल्याकडच्या विद्वानांचा समज दिसतो. संगीत नाटक का मागे पडले? अभिरुची बदलली. तमाशाचे फड का ओस पडले? अभिरुची बदलली. रोगाचे निदान होईना, की 'वाताचा विकार आहे' असे सांगून पुड्या बांधून देणारे वैद्यराज पूर्वी गल्लोगल्ली असत. त्यांची गादी आता आमच्या संगीत-समीक्षकांनी चालविली आहे.

गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत ही पुडी मी पुन्हा एकदा घेऊन घरी आलो. विषय होता, दुसऱ्या महायुद्धानंतरचे अमेरिकन लोकप्रिय संगीत. मराठी व्याख्यानमालेत असा विषय ठेवणाऱ्या चालकांचे खरोखर कौतुक केले पाहिजे. व्याख्याते व्यासंगी, वाणी गोड, मधूनमधून गाण्यांचे तुकडेही ऐकवीत होते. पण तासाभराच्या भाषणाचे सार काय? तर युद्धाच्या धुंदीत अमेरिकन तरुण बेभान होऊन नाचला. युद्ध संपताच तो शहाणा झाला, त्याने लग्न केले, घर केले, आणि मग त्याला हळुवार गाणी गोड वाटू लागली. म्हणून नाचाचे मोठमोठे बँड १९४६ च्या डिसेंबरात एकापाठोपाठ एक मोडले. जे लोकांना नकोसे झाले ते गेले, असा समारोप त्यांनी केला आणि टाळ्या पडल्या.

मी टाळ्या वाजविल्या नाहीत. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिलेही. त्या न वाजविलेल्या टाळ्यांचा हा खुलासा समजावा.

मी संगीतशास्त्राचा पंडित नव्हे. चोरबाजारातून आणि रद्दीच्या दुकानांतून ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या गोळा करण्याचे व्यसन मात्र मला गेल्या पंचावन्न वर्षांपासून आहे. ह्या व्यसनाचे मूळ घरातच आहे. १९५४-५५ च्या सुमारास, मी दहा वर्षांचा असताना, माझ्या थोरल्या भावाला व्हायोलिन शिकवायला एक गोवेकर मास्तर गिरगावात आमच्या घरी येत. राहत ते धोबीतलावाच्या एका कुडात. गावोगावच्या गोवेकरांनी मुंबईत आपापल्या गावाच्या नावाने ज्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, त्यांना कूड म्हणत. मास्तरांचे खरे वाद्य व्हायोलिन नव्हतेच. ते ट्रंपेट वाजवीत. पण ट्रंपेट शिकायला आमच्या चाळीत कोण बसणार? मास्तरांविषयी पुढे सांगेन. सध्या इतकेच, की 'अभिरुची बदलली' हे शब्द ऐकले की मला त्यांची ती काळी, कोपरे झिजलेली पेटी आठवते.

आता प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण तीत तथ्य मुळीच नाही असे नाही. १९३५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमार नृत्यगृहात बेनी गुडमनच्या बँडने जो धुमाकूळ घातला, तेव्हापासून 'स्विंग' युगाला आरंभ झाला असे मानतात. पंधरा-सोळा वादकांचा ताफा, समोर हजार-दोन हजार नाचणारी तरुण माणसे, आणि मध्येच उठून एखादे कडवे गाऊन पुन्हा खुर्चीत जाऊन बसणारा गायक किंवा गायिका, असे त्याचे रूप होते. मालकी आणि मान बँडच्या नायकाचा. गाणारे पगारी नोकर. अकरा वर्षे हा थाट टिकला. मग १९४६ सालच्या अखेरीस बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, वूडी हर्मन, लेस ब्राउन, जॅक टीगार्डन, बेनी कार्टर आणि आयना रे हटन ह्या आठ जणांचे बँड अवघ्या काही आठवड्यांत बंद पडले. त्यांतले काही पुढे पुन्हा उभेही राहिले. पण तो पूर्वीचा जोम गेला तो गेलाच. आता गायक राजे झाले. फ्रँक सिनात्रा, पेरी कोमो, जो स्टॅफर्ड, डॉरिस डे, पेगी ली ही सगळी मंडळी कालपर्यंत कोणा ना कोणा बँडच्या खुर्चीवर बसत होती.

लग्नांचे म्हणाल तर तेही खरे. १९४६ ह्या एका वर्षात अमेरिकेत जवळजवळ २३ लाख विवाह झाले. नवी जोडपी शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेली, पाळणे हलू लागले, दोन-तीन वर्षांत दूरचित्रवाणीचा डबाही घरात आला. तान्हे मूल घरी टाकून नाचायला कोण जाणार? हे सारे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की ही माणसे घरी जाऊन बसण्याच्या आधीच नाचाच्या बँडचा गळा चांगला आवळलेला होता. आणि आवळणारे हात ओळखू येण्यासारखे आहेत.

पहिला हात युद्धाचाच. मात्र ह्या हाताची एक गंमत आपल्याला ठाऊक असायला हवी, कारण तिचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगाला लाख पुरविणारा देश म्हणजे हिंदुस्थान. छोटा नागपूरच्या रानांत पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडून काढलेली लाख न्यूयॉर्कला पोहोचली नाही, तर तिथली गाणीच अडून बसत. जपान युद्धात उतरल्यावर जहाजे थांबली आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने लष्कराबाहेरचा लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कमी केला. जुन्या तबकड्या गोळा करून, वितळवून, नव्या पाडण्याची वेळ आली. शिवाय पेट्रोलवर नियंत्रण, टायरवर नियंत्रण. आणि हे बँड तर गावोगाव बसगाडीने फिरणारे. चांगले वादक सैन्यात गेले. ग्लेन मिलर हा सर्वांत लोकप्रिय बँडनायक सैन्यात दाखल झाला आणि १९४४ च्या १५ डिसेंबरला इंग्लंडहून फ्रान्सकडे जाताना विमानासह नाहीसा झाला. तरीही नृत्यगृहे भरलेली होती हे ध्यानात घ्या. युद्धाच्या कारखान्यांतून लोकांच्या खिशात पैसा आला होता, आणि नाचाची भूक वाढली होती. इथवर अभिरुची शाबूत होती.

दुसरा हात संपाचा. येथे मला जरा थांबले पाहिजे, कारण आमच्या व्याख्यात्यांनी हे प्रकरण 'त्या काळी एक संपही झाला होता' एवढ्या एका वाक्यात उरकले.

अमेरिकन वादकांच्या युनियनचा अध्यक्ष जेम्स सीझर पेट्रिलो हा शिकागोचा मनुष्य. उमेदीत तोही ट्रंपेटच वाजवीत असे. वृत्तपत्रांनी त्याला हुकूमशहा म्हणून झोडपले. मधले नाव सीझर असल्याने व्यंगचित्रकारांचे आयतेच फावले. ह्या पेट्रिलोने १९४२ च्या १ ऑगस्टपासून फर्मान काढले, की युनियनच्या एकाही वादकाने तबकडीसाठी वाजवावयाचे नाही. कारण काय? तर वादक एकदा वाजवितो, एकदाच पैसे घेतो; आणि मग तीच तबकडी हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये आणि रेडिओवर हजार वेळा वाजून त्याच्याच भाईबंदांच्या पोटावर पाय आणते. आपल्याच हाताने आपली जागा घेणारे यंत्र घडवावे आणि त्याचा मोबदला दुसऱ्याने खावा, हा कुठला न्याय? म्हणून दर तबकडीमागे कंपन्यांनी काही पैसे युनियनच्या निधीत भरावेत आणि त्यातून बेकार वादकांना काम द्यावे, ही त्याची मागणी होती. मला ती आजही रास्त वाटते.

कंपन्या दोन वर्षांहून अधिक काळ झुंजल्या. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली. कोलंबिया आणि आर.सी.ए. व्हिक्टर ह्या दोन बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या. मध्यंतरी खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी पत्र लिहून संप मागे घेण्याची विनंती केली. पेट्रिलोने तीही मानली नाही. सैनिकांसाठी म्हणून ज्या खास 'व्ही-डिस्क' तबकड्या निघत, तेवढ्यांनाच त्याने मोकळीक दिली होती. तिथे वादक फुकट वाजवीत.

आता ह्या संपातली मेख पाहा. गाणारे लोक युनियनच्या लेखी 'वादक' नव्हतेच! त्यांना बंदी नव्हती. कंपन्यांना हवी होती नवी गाणी. वाद्ये मिळत नव्हती. तेव्हा गायकाच्या मागे दहा-बारा गळे उभे करून तोंडानेच साथ काढण्यात आली. सिनात्राने १९४३ मध्ये कोलंबियासाठी अशीच, एकही वाद्य नसलेली गाणी म्हटली. दोन वर्षे बाजारात नव्या तबकडीवर नाव झळकले ते गायकाचे. ज्याचे नाव ऐकू येते त्याला लोक ओळखू लागतात. ह्यात अभिरुचीचा दोष कोणता?

आणि ही घ्या आणखी एक साक्ष. सिनात्रा पूर्वी हॅरी जेम्सच्या बँडमध्ये होता तेव्हा १९३९ मध्ये त्यांनी एक प्रेमगीत मुद्रित केले होते. तबकडीवर ठळक नाव हॅरी जेम्सचे, गायकाचे नाव बारीक अक्षरात. फारसे कोणी ते विकत घेतले नाही. नवे काही मिळेना म्हणून कोलंबियाने १९४३ मध्ये तीच तबकडी पुन्हा बाजारात आणली. खाच तीच, वादक तेच, स्वर तेच. फरक एवढाच, की आता वर नाव सिनात्राचे होते आणि हॅरी जेम्स खाली गेला होता. ती लाखांनी खपली. सिनात्रा मधल्या काळात प्रसिद्ध झाला होता हे खरेच, आणि तो गुणीही होताच. न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात त्याच्यासाठी मुलींची झुंबड उडत होती ती काही पेट्रिलोने पाठविलेली नव्हती. पण त्या वर्षी दुकानात वाद्यवृंदाची नवी तबकडी शेजारी ठेवलेली असती, तर काय झाले असते? ही तुलना लोकांना करताच आली नाही. ताटात एकच भाजी वाढावयाची आणि मग म्हणावयाचे, 'पाहा, पाहुण्यांना हीच आवडते!'

ह्याच मुक्या काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 'बीबॉप' हा नवा प्रकार जन्माला येत होता. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोघेही एकत्र वाजवीत होते. त्या बँडची एकही तबकडी नाही. बाळाचे बोबडे बोल कोणी ऐकलेच नाहीत. एकदम मोठा झालेला, भरभर बोलणारा मुलगा दारात उभा राहिला आणि लोक दचकले. 'हे असले नाचता न येणारे संगीत वादकांनी हट्टाने आणले, म्हणून श्रोता दुरावला,' असा आरोप पुढे झाला. आरोप अगदीच पोकळ नाही. पण त्याचा विचार करताना तिसऱ्या हाताकडे पाहिले पाहिजे, आणि व्याख्यात्यांनी त्याचा तर उल्लेखही केला नाही.

तिसरा हात कराचा. १९४४ च्या १ एप्रिलपासून अमेरिकन सरकारने करमणुकीच्या उपाहारगृहांवरचा कर पाच टक्क्यांवरून एकदम तीस टक्क्यांवर नेला. ओरड इतकी झाली, की तीन महिन्यांत तो वीसवर आणावा लागला. पण वीस तो वीसच, आणि तो युद्ध संपल्यावरही चालू राहिला. आता कर कशावर होता ते नीट वाचा. जिथे खाणेपिणे मिळते आणि जिथे गिऱ्हाईक नाचते, किंवा कोणी गाते, किंवा नकला-नाच करून दाखविते, तिथल्या साऱ्या बिलावर कर. नुसती वाद्ये वाजत असतील, आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसून मुकाट ऐकत असेल, तर कर नाही!

म्हणजे असे, की तुम्ही पत्नीला घेऊन जेवायला गेलात, बँड सुरू झाला, आणि तिचा हात धरून तुम्ही दोन पावले टाकलीत, तर मटनापासून मद्यापर्यंत प्रत्येक पदार्थ पाचव्या हिश्शाने महागला. मालकाने काय करावे? त्याने नाचाच्या जागेवर टेबले मांडली आणि भिंतीवर 'नाचण्यास मनाई आहे' अशी पाटी लावली. सोळा वादकांना पगार द्यायचा कशासाठी? नाचायला लागणारा मोठा आवाज आता नकोच होता. पियानो, ढोल आणि तो मोठा उभा बास वाजविणारा, एवढे तिघे पुरले. फार तर वर एक सॅक्सोफोन. बसून ऐकावयाचे संगीत वादकांनी निवडले म्हणतात. अहो, सरकारने बसून ऐकणाऱ्याला सूट दिली होती! पार्कर-गिलेस्पी हे कर चुकविण्यासाठी बीबॉप वाजवीत होते असा वेडगळपणा मी करणार नाही. त्यांच्या बोटांत जे होते ते त्यांनी वाजविले. पण त्यांना कमी वादकांत, छोट्या जागेत, बसलेल्या लोकांपुढे वाजविण्याचे काम मिळाले आणि सोळा जणांच्या ताफ्याला मिळेनासे झाले, ह्याचा निकाल अभिरुचीच्या दरबारात लागलेला नाही. तो खजिन्याच्या कारकुनाने लावला आहे.

ह्यात भर म्हणून १९४५ च्या फेब्रुवारी-अखेरीस कोळसा वाचविण्यासाठी मध्यरात्री करमणुकीची घरे बंद करण्याचा हुकूम निघाला. तो मेमध्ये उठला, त्याविषयी फार बोलत नाही.

पण हार्लेमच्या सॅव्हॉय नृत्यगृहाविषयी बोललेच पाहिजे. १९२६ पासून चाललेले हे नृत्यगृह म्हणजे नाचाची पंढरीच म्हणा ना. दोन मंच; एक बँड थकला, की दुसरा लगेच सुरू. आणि काळे-गोरे एकाच लाकडी फरशीवर एकमेकांचे हात धरून नाचत, हे त्या देशात त्या काळी फार थोड्या जागी दिसे. १९४३ च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी हे नृत्यगृह बंद केले. सांगितलेले कारण, की इथे सैनिकांना वाईट रोग लागतात. हार्लेममधल्या काळ्या वस्तीला खरे कारण सांगावे लागले नाही. गोऱ्या मुली काळ्या तरुणांबरोबर नाचतात हे ते कारण होते, असे तिथे उघड बोलले जाई. ऑक्टोबरमध्ये सॅव्हॉय पुन्हा उघडले. ज्या देशाचे सैनिक वंशवर्चस्वाविरुद्ध लढायला समुद्रापार गेले होते, त्या देशाने ते सहा महिने बंद ठेवले होते. पेट्रिलोच्या युनियनलाही इथे माफी नाही. अनेक शहरांत तिच्या काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाखा वेगळ्या होत्या. लॉस एंजेलिसमधल्या दोन शाखा एक व्हायला १९५३ उजाडले.

आता १९४६ च्या डिसेंबरात या. युद्धकाळात चांगल्या वादकांचे पगार वाढले होते. नायकाला ताफा पोसणे जड जात होते. मुक्काम करून वाजवावे अशी हॉटेले कमी झाली होती. तबकडीवर गायक राजा होता. नाताळच्या सुमारास आठ जणांनी हिशेबाची वही मिटली. वूडी हर्मनचे उदाहरण माझ्या विरुद्ध जाते, म्हणून ते मीच सांगतो. त्याचा बँड तेव्हा ऐन भरात होता, पैसाही येत होता. त्याने तो घरच्या अडचणीमुळे मोडला. तेव्हा आठांतला एक मी प्रतिपक्षाला देत नाही, पण माझ्याकडेही ठेवीत नाही. जे तगले ते कसे तगले, हेही बघावे. ड्यूक एलिंग्टनने बँड शेवटपर्यंत मोडला नाही. पण त्याच्या स्वतःच्या रचनांचे जे मानधन येई, ते तो बँडच्या तोट्यात घालीत राहिला. काउंट बेसीला १९५० मध्ये सात-आठ जणांवर यावे लागले. १९५२ मध्ये त्याने पुन्हा मोठा बँड उभारला.

एवढे सगळे होऊन लोकांची नाचाची आवड मेली का? इथेच आमच्या व्याख्यात्यांचा सिद्धान्त चारी मुंड्या चीत होतो. लुई जॉर्डन नावाचा काळा सॅक्सोफोनवादक गायक 'टिंपनी फाइव्ह' नावाचा लहानसा ताफा घेऊन ठेक्याची, थट्टेची, पाय थिरकविणारी गाणी म्हणत असे. १९४६ साली, म्हणजे बरोबर ज्या वर्षी लोकांना नाच नकोसा झाला म्हणतात त्या वर्षी, त्याचे आगगाडीच्या ठेक्याचे एक गाणे काळ्या लोकांच्या गाण्यांच्या यादीत अठरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. 'बिलबोर्ड' साप्ताहिक ती यादी वेगळी छापत असे, आणि १९४९ पर्यंत तिचे नावच 'वंशाच्या तबकड्या' असे काहीसे होते. व्याख्यात्यांनी अभिरुची मोजली ती गोऱ्यांच्या यादीवरून. दुसरी यादी त्यांनी उघडलीच नाही. जॉर्डनच्या तबकड्या डेक्कासाठी काढणारा मिल्ट गॅबलर हाच पुढे १९५४ मध्ये बिल हेलीच्या त्या घड्याळाच्या गाण्याचा निर्माता होता, जे १९५५ मध्ये साऱ्या जगभर गाजले आणि ज्यापासून रॉक-अँड-रोलचा गाजावाजा सुरू झाला. ठेका कुठून आला हे गॅबलरला कोणी सांगावे लागले नाही. मग काय, अमेरिकन तरुण १९४६ मध्ये शहाणा झाला आणि १९५५ मध्ये पुन्हा वेडा झाला? की तो नाचतच होता, फक्त सोळा वादकांचे पैसे देणारी जागा त्याला उरली नव्हती?

'तुमच्या मुंबईच्या मास्तरांचा ह्याच्याशी काय संबंध?' असे कोणी विचारील. संबंध असा, की ज्या संगीताची कथा मी सांगतो आहे तेच संगीत ते वाजवीत, आणि ज्या प्रकारे तिथले वादक उठले त्याच प्रकारे इथलेही उठले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा काळा अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला, तो १९४५ मध्ये कोलकात्यातच वारला. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणी स्वरलेखन शिकलेल्या गोवेकर पोरांनी ह्या मंडळींकडून जॅझ उचलला. माझ्या मास्तरांनीही तो तसाच उचलला आणि एका हॉटेलात रात्री सात-आठ वर्षे वाजविला. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो कायदा बरा की वाईट, ह्या वादात मी इथे शिरत नाही. ज्या घरांत दारूने संसार धुळीला मिळविले त्या घरांतल्या बायकांचे म्हणणे मला ठाऊक आहे. पण बार बंद झाला, त्याबरोबर हॉटेलातला बँडही उतरला. हॉटेलवाल्याने मास्तरांना निरोप दिला तेव्हा हेच सांगितले, की हल्ली लोकांना नाचाचे तितकेसे राहिले नाही. आदल्या शनिवारी जागा मिळत नव्हती म्हणून माणसे दारातून परत गेली होती, असे मास्तर सांगत. रागाने नव्हे, जरा हसूनच सांगत.

पुढे हे वादक गेले कुठे? सिनेमाच्या ध्वनिमुद्रणगृहांत. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, ह्यांनी जी धमाल उडविली, तिच्यात ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार वाजवितात, एवढेच नव्हे, तर पडद्यावरही दिसतात. पुणतांब्याचा माणूस, गोव्याचे वादक आणि हार्लेमचा ठेका! ती गाणी लागली की आमच्या चाळीतल्या वयस्क मंडळींची बोटे कठड्यावर ठेका धरीत, आणि तोंडाने तीच मंडळी म्हणत, 'काय हा धांगडधिंगा! लोकांची अभिरुची बिघडली.' हॉटेलात नाच नको झालेले लोक आणि सिनेमागृहात नाचासाठी गर्दी करणारे लोक हे दोन वेगवेगळ्या देशांतले नव्हते.

माझ्या मास्तरांना सिनेमात कधीमधी काम मिळे. ट्रंपेटवाले पुष्कळ, जागा थोड्या. म्हणून ते घरोघर व्हायोलिन शिकवीत हिंडले. शिकवणी संपली, की आईने दिलेला चहा घेताना ते कधीकधी नुसत्या बोटांनी, हवेत, ट्रंपेटच्या कळा दाबल्यासारखे करीत. पाय खाली ठेका धरीत असे. मी विचारले, मास्तर, हे कोणते गाणे? तर म्हणत, 'बाबा, हे अमेरिकेतले. तिथेपण आता कोणी वाजवत नाही म्हणतात.' ते त्यांना कोणी सांगितले असेल कोण जाणे. एकदा मात्र ते पेटी बरोबर घेऊन आले होते आणि भावाने फारच आग्रह केला, म्हणून त्यांनी घंटेला टोपी लावून, आवाज दाबून, एक तुकडा वाजविला. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. आम्हाला वाटले, भांडायला आले. ते दारात उभे राहिले, तुकडा संपेपर्यंत थांबले आणि काही न बोलता निघून गेले. काकांचा पिंड भजनाचा.

अभिरुची नावाची वस्तूच जगात नाही असे मी म्हणत नाही. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटविण्यात आली, तेव्हा लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावले. सरकारला पाच-सहा वर्षांत विविध भारती काढावी लागली. म्हणजे लोकांना काय हवे ते त्यांना नेमके कळत होते, आणि जिथे नुसता काटा फिरवून भागत होते तिथे त्यांनी ते मिळविले. पण सोळा वादकांचा बँड काटा फिरवून मिळत नाही. त्याला जागा लागते, फरशी लागते, पगार लागतो; ते काढून घेतले म्हणजे अभिरुची कितीही असो, तिने कुठे जाऊन उभे राहावे?

पेट्रिलोने १९४८ मध्ये पुन्हा एकदा वर्षभर संप करून पाहिला. त्याआधीच एका कायद्याने त्याचा निधी बेकायदा ठरविला होता. तो शेवटी वेगळ्या विश्वस्ताच्या हाती देऊन तडजोड झाली. त्याचे दुखणे खरे होते, पण त्याने उपसलेले हत्यार आपल्याच वादकांवर उलटले, हे मी त्याचा चाहता असूनही कबूल करतो. नाचावरचा तो कर १९६० मध्ये दहा टक्क्यांवर आला आणि १९६५ च्या अखेरीस रद्द झाला. सॅव्हॉय तोपर्यंत कायमचे बंद होऊन सात वर्षे झाली होती. त्या जागी घरे उभी राहिली.

भाषणानंतर मी व्याख्यात्यांना गाठून ह्या कराविषयी विचारले. ते सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, 'हे तपशील झाले, मी प्रवाहाविषयी बोलत होतो.' त्यावर मला तिथे उत्तर सुचले नाही, हार-गुच्छांची गडबड चालली होती. म्हणून हे इथे लिहिले. त्यांना प्रवाह दाखवायचाच असेल, तर एखाद्या रविवारी त्यांनी माझ्याकडे यावे. जॉर्डनच्या चार तबकड्या आहेत, बेसीच्या सहा आहेत, हॅरी जेम्सची ती एक, खाली नाव गेलेली, तीही आहे. सुई नवी घातली आहे. खालच्या मजल्यावर आता कोणी राहत नाही, तेव्हा आवाज दाबण्याचीही गरज पडणार नाही.